पोक, पट्टा आणि पाठ : पुरावा कुठवर आला आहे?

इंद्रायणीकाठचे चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. वाघेश्वराच्या या गावाभोवती आता गृहसंकुले उभी आहेत आणि सकाळी इथून माणसे निरनिराळ्या वाटांनी कामाला निघतात. कुणी मोशीवरून भोसरीच्या एमआयडीसीत, कुणी आळंदी ओलांडून मरकळ नाहीतर चाकणच्या कंपन्यांत, कुणी लॅपटॉपची सॅक पाठीला लावून आयटीच्या नोकरीवर. कामे वेगळी, पण घरी परतल्यावरची तक्रार बऱ्याचदा एकच असते. मान आखडली, खांदे भरून आले, कंबर धरली. त्यावर घरातून आणि मित्रांकडून मिळणारा सल्लाही ठरलेला : "पोक काढून बसतोस, म्हणून दुखतं. एखादा बेल्ट लाव."

हा बेल्ट आता कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो आणि मोबाइलवर मागवला तर घरपोच येतो. साधा इलॅस्टिकचा पट्टा काही शे रुपयांना, तर वाकल्यावर थरथरून आठवण करून देणारे छोटे यंत्र काही हजारांना. वेष्टणावरच्या चित्रात डावीकडे वाकलेला माणूस असतो आणि उजवीकडे ताठ उभा. या दोन चित्रांमधले अंतर पट्टा खरोखर कापतो का, यावर अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, योगशिक्षक आणि कारखान्यातले सुरक्षा अधिकारी अनेक वर्षे वाद घालत आले आहेत. त्या वादाचा हा आढावा.

एका प्रश्नात तीन प्रश्न

"पट्ट्याने फायदा होतो का?" असे विचारले की तीन वेगळे प्रश्न एकत्र मिसळतात. पहिला, पट्टा बांधलेला असताना खांदे मागे जातात का आणि पाठीचा बाक कमी होतो का? दुसरा, त्यामुळे दुखणे कमी होते का? तिसरा, पट्टा सोडल्यावर काय उरते, म्हणजे शरीराला ताठ राहायची सवय लागते का? या तिन्हींची उत्तरे सारखी नाहीत, आणि पुष्कळसा गोंधळ पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला जोडल्यामुळे होतो.

'पोक' या शब्दातही बरेच काही सामावले आहे. कंटाळून खांदे पाडून बसणे म्हणजे पोक, आणि म्हातारपणी मणके झिजून आलेला बाक म्हणजेही पोक. पाठीच्या वरच्या भागाला थोडा गोलवा निसर्गतःच असतो. एक्स-रेवर मोजला तर तरुण माणसात तो साधारण २० ते ४५ अंश भरतो आणि चाळिशीनंतर हळूहळू वाढत जातो. म्हणजे पाठ फळीसारखी सरळ करणे हे कुणाचेच उद्दिष्ट नाही. सवयीने आलेला आणि स्वतःहून सरळ करता येणारा बाक एक, हाडांच्या रचनेतच बसलेला बाक दुसरा. पट्ट्याची चर्चा या दोघांना वेगळे केल्याशिवाय पुढे सरकत नाही.

वाकड्या झाडापासून थरथरत्या यंत्रापर्यंत

शरीर बाहेरून बांधून सरळ करायची कल्पना जुनी आहे. निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये मुलांच्या शारीरिक व्यंगांवर ग्रंथ लिहिला आणि 'ऑर्थोपेडी' हा शब्द घडवला. 'सरळ' आणि 'मूल' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोड. त्या ग्रंथातले एक चित्र पुढे अस्थिरोगशास्त्राची खूण बनले : वाकडे वाढलेले रोपटे खुंटाला दोरीने बांधून ठेवलेले. पोश्चर बेल्टमागचा विचार आजही याच चित्रातला आहे. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगच्या मोरित्झ श्रेबर या वैद्याने मुलांनी बाकावर पुढे झुकू नये म्हणून बाकालाच जोडायचे लोखंडी साधन बनवले. अमेरिकेत १९१४ मध्ये अमेरिकन पोश्चर लीग नावाची संस्था निघाली. तिथल्या कित्येक नामांकित विद्यापीठांत तर नव्या विद्यार्थ्यांची उघड्या अंगाने छायाचित्रे काढून त्यांच्या ठेवणीला गुण देण्याची प्रथा दशकानुदशके चालली. इतिहासकार बेथ लिंकर यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्लाउच' या पुस्तकात हा सारा काळ मांडला आहे. ताठ पाठ आरोग्याची आणि चारित्र्याचीही खूण मानली गेली, तेव्हा त्या समजुतीमागे मोजूनमापून तपासलेला पुरावा फारसा नव्हता, असे त्यांचे निरीक्षण आहे.

आपल्याकडे ओझे उचलण्याआधी कंबर घट्ट बांधायची रीत जुनीच. 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार त्याच चित्रावर उभा आहे. मात्र तो आधार कष्टाच्या वेळेपुरता होता. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची पाठ बांधावी, ही कल्पना ऑफिस, संगणक आणि मोबाइल यांच्याबरोबर आली.

बाजारात काय काय मिळते

पहिला प्रकार खांद्यांचा. दोन्ही खांद्यांवरून येऊन पाठीवर फुली मारणारा हा पट्टा मूळचा गळ्याजवळचे हाड (कॉलरबोन) मोडल्यावर बांधायचा. दुकानात त्याला आजही क्लॅव्हिकल ब्रेस म्हणतात. गंमत अशी की मूळ कामासाठीही त्याची गरज किती, यावर प्रश्नचिन्ह लागले आहे. डेन्मार्कमधल्या १९८७ च्या चाचणीत हा पट्टा आणि साधी झोळी यांची तुलना झाली. हाड दोन्हीकडे सारखेच जुळले. पट्टा बांधलेल्यांना त्रास मात्र अधिक झाला. हीच रचना थोड्या बदलाने आज पोक घालवणारा पट्टा म्हणून विकली जाते.

दुसरा प्रकार कमरेचा, म्हणजे एल. एस. बेल्ट. तिसरा खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीमागे पट्ट्या असलेला टेलर ब्रेस, जो बहुधा डॉक्टर लिहून देतात. चौथा अंगाला घट्ट बसणारा शर्ट, ज्याच्या विणीतच ताण दिलेला असतो. पाचवा पाठीवर चिकटवायचे किंवा गळ्यात अडकवायचे यंत्र; ते शरीर ओढून धरत नाही, माणूस वाकला की थरथरते, इतकेच.

पट्ट्याच्या बाजूने काय सांगता येते

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी होकारार्थी आहे. बांधलेला असताना पट्टा खांदे मागे नेतो. पुढे झुकलेले खांदे असलेल्या खेळाडूंवर झालेल्या आणि २०१३ मध्ये 'जर्नल ऑफ अॅथलेटिक ट्रेनिंग'मध्ये छापलेल्या अभ्यासात ताण दिलेल्या पट्ट्याने खांद्यांची ठेवण सुधारल्याचे दिसले. स्नायूंच्या कामात पडलेला फरक मात्र छोटा होता.

वयस्क स्त्रियांबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. मासिक पाळी थांबल्यानंतर हाडे ठिसूळ झालेल्या ६२ स्त्रियांवर जर्मनीत झालेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. पाठीवरून घ्यायचा खास ब्रेस त्यांनी रोज सुमारे दोन तास असा सहा महिने वापरला. पाठ ताठ ठेवणाऱ्या स्नायूंची ताकद ७३ टक्क्यांनी वाढली आणि बाक ११ टक्क्यांनी घटला. इथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे हा ब्रेस पाठ जखडून ठेवत नव्हता; तो घातल्यावर बाईला आपल्या स्नायूंनीच सरळ उभे राहावे लागे. आणि त्याची वेळ होती फक्त दोन तास.

मनावरच्या परिणामाचाही विचार झाला आहे. न्यूझीलंडमधल्या २०१५ च्या प्रयोगात ७४ जणांच्या पाठीला फिजिओथेरपीची चिकटपट्टी लावून काहींना ताठ, तर काहींना वाकून बसवले आणि मग सर्वांना ताण येईल असे भाषण करायला लावले. ताठ बसलेल्यांचा आत्मविश्वास आणि उत्साह अधिक नोंदला गेला. प्रयोग एका बैठकीपुरता होता, पण "ताठ बसलं की बरं वाटतं" हा अनेकांचा अनुभव निव्वळ भास नाही, असे त्यातून म्हणता येते.

थरथरणाऱ्या यंत्रांमागचे तर्कशास्त्र वेगळे. काम करताना माणूस आपण कधी वाकलो हे विसरतो. यंत्र ते ध्यानात आणून देते आणि सरळ व्हायचे काम स्नायूंवर सोडते. यंत्र चालू असेतो वाकून बसण्याचा वेळ घटतो. समर्थकांचा मुद्दा साधा आहे : आठवण हाच उपचार.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे

दुसऱ्या प्रश्नापाशी, म्हणजे दुखण्यापाशी, पट्ट्याची बाजू लंगडी पडते. पोक घालवणाऱ्या शर्टांवरील उपलब्ध संशोधन २०१९ मध्ये डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी एकत्र तपासले. हे शर्ट स्नायू-सांध्यांचे दुखणे कमी करतात किंवा टाळतात, या दाव्याला सध्याचा पुरावा आधार देत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तपासायला मिळालेले अभ्यास मोजकेच होते आणि त्यांचा दर्जाही यथातथा होता.

फिजिओथेरपिस्ट नेहमी बोलून दाखवतात ती भीती म्हणजे पट्ट्याने स्नायू आळसावतात. इथे आक्षेप घेणाऱ्यांनाही जपून बोलावे लागते. कमरेच्या पट्ट्यांमुळे पाठीचे स्नायू कमजोर होतात का, हे पाहणारा २०१७ चा आढावा ठाम निष्कर्षापर्यंत पोहोचला नाही. काही अभ्यासांत ताकद घटली, काहींत घटली नाही. "बेल्टने पाठ कायमची निकामी होते" हे विधान त्यामुळे "बेल्टने पोक कायमचा जातो" या विधानाइतकेच सैल आहे.

रोजच्या वापरातल्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. खांद्याचा पट्टा आवळला तर काखेत काचतो, हाताला मुंग्या येतात. चाकणच्या शेडमध्ये मे महिन्यात युनिफॉर्मखाली इलॅस्टिक बांधून आठ तास उभे राहिले तर घामाने त्वचा सोलवटते. खांदे मागे ओढले गेले की पुष्कळ जण कंबर पुढे काढून उभे राहतात आणि दुखणे पाठीतून कमरेत उतरते. मग पट्टा खुंटीवर जातो.

मुळात पोक आणि दुखणे यांचे नाते काय?

गेल्या वीस वर्षांत वादाचा गाभा इथे सरकला आहे. पट्टा पोक कमी करतो असे धरले, तरी पोक हेच दुखण्याचे कारण असेल तरच त्याचा उपयोग. ते तसे आहे का?

क्रिस्टेन्सन आणि हार्टविग्सन या डॅनिश संशोधकांनी २००८ मध्ये ५४ अभ्यास तपासले. पाठीच्या कण्याचे बाक आणि दुखणी यांच्यात पक्का संबंध त्यांना आढळला नाही. ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या हजाराहून अधिक मुलामुलींच्या मानेची ठेवण नोंदवून चार गट केले गेले. २०१६ च्या त्या अभ्यासात कोणत्याही गटाची मान अधिक दुखत असल्याचे दिसले नाही. वाकून बसणाऱ्या गटात नैराश्याचे प्रमाण मात्र जास्त होते. त्याच मुलांकडे २२ व्या वर्षी पुन्हा पाहिले तेव्हा निकाल आणखी चकित करणारा निघाला. १७ व्या वर्षी वाकून बसणाऱ्या मुलींमध्ये टिकून राहिलेली मानदुखी ताठ बसणाऱ्या मुलींपेक्षा कमी होती. आपल्याकडे दहावी-बारावीच्या मुलांसाठी घाईने बेल्ट मागवणाऱ्या पालकांनी हा निकाल जरूर लक्षात घ्यावा.

मोबाइलमुळे मानेवर २७ किलोचे ओझे येते, हा आकडा बहुतेकांनी ऐकलेला असतो. तो केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यविशारदांच्या २०१४ च्या लेखातला : मान ६० अंशांत वाकली तर ६० पौंडांचा भार. आकडा संगणकीय प्रतिमानातून काढलेला होता, माणसांच्या दुखण्यावरून नव्हे. ब्राझीलमध्ये २०१८ साली १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांची मोबाइल पाहतानाची मान तपासली, तेव्हा वाकलेली मान आणि मानदुखी यांचा संबंध सापडला नाही.

"वाकून बसलं की मणक्यांमधल्या गादीवर दाब येतो" ही समजूतही पूर्णपणे टिकलेली नाही. जर्मन संशोधक विल्के यांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या मणक्यातील चकतीतच दाब मोजणारे यंत्र बसवले. आधाराविना बसल्यावर दाब सुमारे ०.४६ मेगापास्कल भरला आणि खुर्चीत सैल रेलून बसल्यावर ०.२७. मोजमाप एकाच माणसावरचे, तरी पाठ्यपुस्तकातल्या ठाम विधानांना त्याने धक्का दिला.

मग योग्य बैठक कोणती? युरोपातल्या चार देशांतील २९५ फिजिओथेरपिस्टांना २०१२ च्या अभ्यासात नऊ छायाचित्रे दाखवून हाच प्रश्न विचारला. ८५ टक्क्यांनी दोनपैकी एक बैठक निवडली, पण त्या दोन बैठका एकमेकींपेक्षा चांगल्याच वेगळ्या होत्या. तज्ज्ञांचेच असे असेल, तर पट्ट्याने शरीर नेमक्या कोणत्या साच्यात बसवायचे?

याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडायला हवी. मानदुखी असलेल्या प्रौढांची मान पुढे झुकलेली आढळते, असे २०१९ च्या एकत्रित विश्लेषणाने दाखवले. पौगंडावस्थेतील मुलांत तसे दिसले नाही. पण दुखते म्हणून मान झुकते की मान झुकते म्हणून दुखते, हे अशा अभ्यासांतून ठरत नाही.

कारखान्यातली पाठ

पिंपरी-चिंचवड-चाकण परिसरासाठी याहून महत्त्वाचा पुरावा ऑफिसच्या खुर्चीबाहेरचा आहे. इथे पोक ही सवय नसून कामाचा भाग असते. बिनमधून वाकून पार्ट उचलायचा, फिक्स्चरमध्ये बसवायचा, कमरेतून वळून पुढच्या ट्रॉलीत ठेवायचा. एका शिफ्टमध्ये शेकडो वेळा.

लॉरा पनेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोटार जुळणी कारखान्यातील कामगारांचा असाच अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. पाठीचे विकार झालेल्या ९५ कामगारांची तुलना १२४ निरोगी कामगारांशी केली. वाकून वा वळून काम करणे आणि पाठीचा विकार यांचा संबंध जवळजवळ पाच-सहा पटींचा निघाला. नेदरलँड्समधल्या २००० सालच्या पाहणीने धोक्याच्या मर्यादाही नोंदवल्या : कामाच्या वेळेपैकी ५ टक्क्यांहून अधिक वेळ ६० अंशांपलीकडे वाकणे, १० टक्क्यांहून अधिक वेळ ३० अंशांपलीकडे वळणे, आणि २५ किलोंचे ओझे दिवसातून १५ पेक्षा जास्त वेळा उचलणे. म्हणजे खुर्चीतले सैल बसणे आणि भाराखाली वारंवार वाकणे यांना एकाच नावाने ओळखणे चुकीचे ठरते. पहिल्याचा दुखण्याशी संबंध क्षीण आहे, दुसऱ्याचा ठळक. यावरही सर्व संशोधकांचे एकमत नाही : शरीराची ठेवण आणि कंबरदुखी यांच्या कार्यकारणाबाबत सहमती नसल्याचे अनेक आढाव्यांच्या २०२० मधील आढाव्याने नोंदवले.

कारखान्यांत एकेकाळी कमरेचे पट्टे सरसकट वाटले जात. त्यांची झडती कडक झाली आहे. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये निरोगी कामगारांना दुखापत टाळण्यासाठी पट्टा देण्याची शिफारस करण्यास नकार दिला. पुढे तिच्याच संशोधकांनी १६० दुकानांतील माल उचलणाऱ्या ९,३७७ कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. रोज पट्टा बांधणारे आणि क्वचितच बांधणारे यांच्यात पाठीच्या दुखापतींच्या भरपाई-दाव्यांत वा कंबरदुखीत फरक नव्हता, असे २००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानेही प्रतिबंधासाठी पट्ट्याचा लाभ नाकारला.

अपवाद आहे, आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही. आधीच कंबरदुखी होऊन गेलेल्या ३६० डच गृहपरिचारिका-सेवकांच्या २००७ च्या चाचणीत, दुखेल त्या दिवशी पट्टा बांधण्याची मुभा मिळालेल्यांना वर्षभरात दुखण्याचे दिवस सुमारे ५३ ने कमी आले. रजा मात्र घटल्या नाहीत. एकदा उसण भरलेल्या माणसाला पट्टा धीर देतो, हा अनेक ऑपरेटरांचा अनुभव या निकालाशी जुळतो.

कायद्याचा भर पट्ट्यावर कधीच नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३४ अवाजवी ओझे उचलायला लावण्यास मनाई करत असे, तर कलम ४४ उभ्याने काम करणाऱ्यांना मधल्या फुरसतीत बसता यावे म्हणून आसनांची सोय सांगत असे. मुलांबाबतही सरकारी उपाय ओझ्याकडूनच आला : दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये काढला आणि २०२० च्या केंद्रीय धोरणातही तीच मर्यादा आली.

पुण्यात घडलेला वेगळा पट्टा

चऱ्होलीपासून फार दूर नसलेल्या पुण्यातल्या मॉडेल कॉलनीत शरीराला आधार देण्याचा वेगळाच विचार घडला. १९३७ मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांसाठी पट्टे, दोर, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या वापरात आणल्या. त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योगसंस्था १९७५ पासून तिथे उभी आहे. इथला पट्टाही शरीर ओढतो, पण काही मिनिटांसाठी आणि शिक्षकाच्या नजरेखाली. छाती उघडली की कसे वाटते, हे शरीराला एकदा कळावे आणि पुढे पट्ट्याशिवाय तिथे पोहोचता यावे, हा त्यामागचा हेतू.

या पद्धतीची चाचणी अमेरिकेत झाली. 'पेन' या नियतकालिकात २००५ मध्ये आलेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या ६० रुग्णांपैकी ४२ जणांनी १६ आठवडे पूर्ण केले. अय्यंगार पद्धतीचा योग केलेल्यांचे दुखणे, अडचण आणि गोळ्या तिन्ही कमी झाले. जुनाट कंबरदुखीत योगाने हालचालीत अल्प ते मध्यम सुधारणा होते, असे २०१७ चा कॉक्रेन आढावा सांगतो. व्यायामाचा परिणाम बाकावरही मोजला गेला आहे. साठीपुढच्या ९९ जणांच्या २०१७ मधील अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांच्या लक्ष्यबद्ध व्यायामाने पाठीचा बाक सरासरी तीन अंशांनी उतरला. आकडा छोटा, पण पट्ट्याविना मिळवलेला.

बँकॉकमधल्या २०२१ च्या अभ्यासाने चर्चेला आणखी एक दिशा दिली. ऑफिसातल्या १९३ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकाला मध्येमध्ये उठून फिरायला लावले, दुसऱ्याला खास गादीच्या मदतीने बसल्याजागी बैठक बदलायला लावले, तिसऱ्याला नेहमीसारखे राहू दिले. नव्याने मानदुखी सुरू होण्याचे प्रमाण पहिल्या दोन गटांत १७ टक्के, तिसऱ्यात ४४. कुठल्या बैठकीत बसावे हे कुणी सांगितले नव्हते. फक्त एकाच बैठकीत राहू दिले नाही.

पट्टा जिथे लागतोच

या साऱ्या चर्चेतून काही आजार वेगळे काढावेत. वाढत्या वयातल्या मुलांचा कणा बाजूला वळत असेल, म्हणजे स्कोलिओसिस असेल, तर ब्रेसचा पुरावा मजबूत आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१३ साली आलेल्या चाचणीत ब्रेस वापरलेल्या ७२ टक्के मुलांचा वाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेखाली राहिला; न वापरलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसातले जितके जास्त तास ब्रेस, तितके यश जास्त. मात्र तो मुलाच्या मापाने बनवलेला, डॉक्टरांच्या देखरेखीखालचा ब्रेस होता. हाडे ठिसूळ होऊन मणका दबला असेल, किंवा वाढीच्या वयात मणके पाचरीसारखे होणारा शॉयरमनचा विकार असेल, तिथेही ब्रेसला जागा आहे.

आपल्या देशात आणखी एक शक्यता विसरून चालत नाही : मणक्याचा क्षयरोग. पाठीत टोकदार उंचवटा, रात्रीचा ताप, घटणारे वजन, पायांत येणारा अशक्तपणा ही लक्षणे असताना पोक समजून पट्टा बांधत राहणे म्हणजे मोलाचा वेळ घालवणे. तरुणपणीच सकाळी तासभर पाठ लाकडासारखी होत असेल तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची तपासणी हवी.

अजून न सुटलेले

पट्टा काढल्यावर सवय टिकते का, हा तिसरा प्रश्न सर्वांत कमी उलगडलेला. बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या, फार तर काही महिन्यांच्या. थरथरणारे यंत्र बंद केल्यावर वर्षाने पाठ कशी असते, हे ठरवायला लांब पल्ल्याचे अभ्यास लागतील.

दुसरी अडचण पद्धतीची. औषधाची तुलना खोट्या गोळीशी करता येते. पट्ट्याच्या बाबतीत आपण पट्टा बांधला आहे हे माणसाला कळतेच. बरे वाटण्यात ओढीचा वाटा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

तिसरी, कुणाला उपयोग होतो याची निवड. ठिसूळ हाडांच्या स्त्रियांना झालेला फायदा पंचविशीतल्या संगणक-कर्मचाऱ्याला लागू होत नाही, आणि परदेशातल्या गृहसेवकांचा निष्कर्ष उन्हाळ्यातल्या शेडमध्ये तसाच उतरेल असेही नाही. कारखान्यांत आता अंगावर चढवायचे यांत्रिक सांगाडे येऊ लागले आहेत. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये हात वर धरून काम करणाऱ्यांसाठी ते सात देशांतल्या १५ कारखान्यांत दिले. ते स्नायूंवरचा भार घटवतात, पण दुखापती किती घटवतात याचा निवाडा व्हायचा आहे.

आज कुठवर आलो

तिन्ही प्रश्नांची उत्तरे अशी मांडता येतील. बांधलेला असताना पट्टा खांदे मागे नेतो, हे खरे. त्याने दुखणे कमी होते, याला निरोगी माणसाच्या बाबतीत पुरेसा पुरावा नाही. आधी दुखून गेलेल्यांना कमरेच्या पट्ट्याचा काही दिलासा मिळू शकतो. आणि पट्टा काढल्यावर पोक गेलेला राहतो, हे अजून कुणी दाखवून दिलेले नाही. हालचाल, बैठक बदलणे, पाठीच्या स्नायूंचा व्यायाम आणि कारखान्यात बिन-ट्रॉलीची उंची कमरेच्या पातळीला आणणे, या उपायांची बाजू आज पट्ट्यापेक्षा वजनदार आहे.

ज्यांना पट्टा लावून बरे वाटते त्यांनी तो दिवसातून थोडा वेळ, न आवळता, आठवणीपुरता वापरायला हरकत नाही. सोबत व्यायाम हवा. बाक वाढत असेल, एका बाजूला असेल, हातापायांत मुंग्या वा ताकद कमी वाटत असेल, ताप असेल किंवा मूल वाढीच्या वयात असेल, तर दुकानात जाण्याआधी जवळच्या रुग्णालयात पाठ उघडी करून एकदा तपासून घ्यावी.